घसरगाडीचे सुकाणू

घसरगाडीचे सुकाणू : बर्फाच्छादित उतारावरून केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली घसरत येणाऱ्या, चाके नसलेल्या वाहनाची दिशा बदलण्यासाठी अथवा ती कायम राखण्यासाठी केलेली योजना. अशा वाहनास टोबॉगन किंवा स्लेज असेही म्हणतात. पैकी टोबॉगन हा शब्द उत्तर अमेरिकेतील अल्गाँक्वियन भाषाकुलातील असून कॅनडातील फ्रेंच भाषकांमार्फत तो इंग्रजीत आला. मूळ टोबॉगन म्हणजे लाकडाच्या पातळ, लांब फळ्या एकत्र बांधून व त्यांचे पुढील टोक वर वाकवून केलेली एक सपाट तळाची गाडी होती. तिच्यावर शिकार व सामान लादून माणसे किंवा कुत्री ती ओढीत नेत. तिला सुकाणू नव्हते व त्याची गरजही नव्हती. कारण जो ओढतो तोच वळवितो.

महाराष्ट्रातील बैलगाडीला वेगळे सुकाणू नसते, याचेही कारण हेच आहे. कासरा ओढला की बैल वळतात, बैलांबरोबर जू, जुवामागून दांडी व दांडीमागून गाडी वळते. दोन्ही चाके एकमेकांपासून स्वतंत्रपणे फिरत असल्याने बाहेरचे चाक जास्त व आतले कमी अंतर कापते आणि वळण विनासायास पार पडते. कुळवाची गोष्ट याहून वेगळी आहे. कुळव हे चाके नसलेले, जमिनीतून घसरत जाणारे अवजार आहे. त्याची पास मातीत असताना बैल एकदम वळविले, तर पास आडवी ओढली जाते व अवजारावर ताण येतो. म्हणून बांधाशी आल्यावर शेतकरी रुमणे धरून कुळव उचलतो, बैल वळवितो व मगच तो पुन्हा टेकवितो. घसरणारी वस्तू आणि फिरणारे चाक यांच्या वळण्यातील हा फरक घसरगाडीच्या सुकाणूचा अभिकल्प (आराखडा) समजून घेण्यास उपयोगी पडतो. ओढणारा नाहीसा झाला, गाडी स्वतःच्या वजनाने उतारावरून धावू लागली आणि मध्येच ती उचलून वळविणेही शक्य राहिले नाही, तेव्हा सुकाणूचा प्रश्न खऱ्या अर्थाने निर्माण झाला.

तत्त्व : घसरगाडीचे तोंड फिरविणे आणि तिचा मार्ग फिरविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सपाट तळाची गाडी कठीण बर्फावर असताना तिच्यावर होणारे घर्षण नेहमी गतीच्या उलट दिशेने असते. गाडीचे तोंड कोणत्या बाजूला आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो. त्यामुळे अशा गाडीचे तोंड उजवीकडे केले, तरी ती पूर्वीच्याच दिशेने, फक्त आता तिरकी होऊन, घसरत राहते. नवशिक्याला हा अनुभव फार चमत्कारिक वाटतो. मार्ग वळविण्यासाठी वळणाच्या केंद्राकडे जाणारी प्रेरणा लागते व ती बर्फाकडूनच मिळवावी लागते. याकरिता गाडीखाली अशी रचना हवी की, जिला लांबीच्या दिशेने अत्यल्प व आडव्या दिशेने भरपूर विरोध होईल. पोलादी घसरपट्टी आपल्या धारेने बर्फात किंचित रुतते व हे काम करते. पोलाद व बर्फ यांच्यामधील घर्षण गुणांक लांबीच्या दिशेने काही शतांशच असतो. घर्षणाने निर्माण होणाऱ्या उष्णतेमुळे पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर तयार होतो, हे त्याचे एक प्रमुख कारण असून बाउडेन व ह्यूझ यांनी १९३९ मध्ये ते प्रयोगाने दाखवून दिले.

प्रत्यक्ष आकड्यांवरून प्रश्नाचे स्वरूप लक्षात येते. १०° उतारावर घर्षण गुणांक ०·०५ धरला, तर गाडीचा प्रवेग सु. १·२ मी. प्रति सेकंद प्रति सेकंद येतो आणि हवेचा विरोध सोडून दिल्यास ५० मी. अंतरात वेग ताशी सु. ४० किमी.पर्यंत पोहोचतो. म्हणजे शेतातील एखाद्या साध्या टेकाडाएवढा उतारही सायकलीच्या वेगाच्या पुष्कळ पुढे नेतो. आता स्वारासह ८० किग्रॅ. वस्तुमानाची गाडी सेकंदास १० मी. (ताशी ३६ किमी.) वेगाने १५ मी. त्रिज्येच्या वळणावर न्यावयाची आहे, असे मानू. त्यासाठी सु. ५३० न्यूटन एवढी केंद्राभिमुखी प्रेरणा लागेल. ही गाडीच्या एकूण वजनाच्या दोन-तृतीयांशाहून किंचित अधिक आहे. एवढी पकड धारदार पट्ट्यांकडून कठीण बर्फावर मिळू शकते. परंतु ती मिळाली म्हणजे काम झाले, असे नाही.

दोन पट्ट्यांमधील अंतर ४० सेंमी. आणि स्वार बसलेला असताना एकूण गुरुत्वमध्याची उंची ३५ सेंमी. असेल, तर सपाट जागी आडवी प्रेरणा वजनाच्या ०·५७ पटीपेक्षा जास्त होताच गाडी बाहेरच्या बाजूस कलंडते. वर सांगितलेल्या वळणाला ०·६८ पट प्रेरणा हवी आहे. म्हणजे पकड पुरेशी असूनही, किंबहुना ती पुरेशी असल्यामुळेच, गाडी उलटेल, १५ मी. त्रिज्येवर ती ताशी सु. ३३ किमी. पर्यंतच उभी राहू शकते. पकड कमी असती, तर ती नुसती बाहेर घसरली असती व बहुधा मोकळ्या बर्फात जाऊन थांबली असती. सुकाणूचा विचार करणारे बहुतेक हौशी रचनाकार पकड वाढविण्याच्या मागे लागतात व उलटण्याचा हिशोब करीत नाहीत. वास्तविक तो आधी करावयास हवा. स्वार आडवा झोपल्यास गुरुत्वमध्य सु. २० सेंमी.वर येतो आणि हीच मर्यादा १·० पर्यंत वाढते. बसलेल्या स्वाराने शरीर वळणाच्या आतील बाजूस झुकवून गुरुत्वमध्य ८ सेंमी. आत आणला, तरी ती ०·८ होते. म्हणून शरीराचा झोक हा सुकाणूला पूरक असा एखादा प्रकार नसून सुकाणूचाच भाग आहे. सुकाणू हाताळताना स्वाराला झुकता येणार नाही अशी आसनाची रचना करणे ही मोठी चूक होय.

प्रकार : सर्वांत जुनी पद्धत पाय घासण्याची. मागे एका बाजूला टाच टेकविली की त्या बाजूस विरोध वाढतो व गाडीचे तोंड तिकडे वळते. पोर्तुगालच्या मदीरा बेटावर फुंशाल शहरालगतच्या माँते येथून उतरणाऱ्या वेताच्या घसरगाड्या आजही अशाच चालविल्या जातात. त्या बर्फावरून नव्हे, तर गुळगुळीत रस्त्यावरून लाकडी पट्ट्यांवर सु. २ किमी. अंतर खाली येतात व जाड तळव्यांचे बूट घातलेली दोन माणसे मागे उभी राहून दोरीने व पायांनी त्यांना आवर घालतात. काश्मीरमधील गुलमर्ग येथेही पर्यटकाला वर ओढत नेणारा माणूस उतारावर स्वतः पुढे बसतो व टाचांनी दिशा राखतो. स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झ येथे १८८४-८५ च्या हिवाळ्यात प्रथम तयार केलेल्या ‘क्रेस्टा रन’ या बर्फमार्गावर स्वार पालथा, डोके पुढे करून झोपतो. त्याच्या बुटांच्या टोकांना पोलादी दाते बसविलेले असतात व त्यांनीच तो वेग कमी करतो आणि दिशा बदलतो. या पद्धतीत यंत्रणा अशी काहीच नाही. मात्र प्रत्येक वळणाची किंमत वेगाने मोजावी लागते.

ही किंमत टाळण्याचा सुंदर उपाय फिलाडेल्फियाचे सॅम्युएल लीड्स ॲलन यांनी शोधला. ॲलन हे मुळात पेरणीयंत्रे व कोळपी बनविणारे कारखानदार होते. त्यांच्या शेतीच्या अवजारांना हिवाळ्यात मागणी नसे व कामगारांना बाराही महिने काम पुरविण्यासाठी त्यांना दुसरे एखादे उत्पादन हवे होते. त्यांनी १८८९ मध्ये एकस्व (पेटंट) घेतलेल्या ‘फ्लेक्सिबल फ्लायर’ या गाडीत पोलादी पट्ट्या पुढील भागात लवचिक ठेवलेल्या होत्या. पुढचा आडवा दांडा हाताने किंवा पायाने फिरविला की दोन्ही पट्ट्या एकाच दिशेला बाकदार होत आणि गाडी त्या कमानीच्या अनुरोधाने वळे. येथे लागणारा बाक फारच थोडा असतो. १ मी. लांबीची पट्टी १५ मी. त्रिज्येच्या वर्तुळाशी जुळवावयाची, तर तिचा मध्य जीवेपासून केवळ ८ मिमी. सरकावा लागतो. ताठ, सरळ पट्टी मात्र एवढेही वळू शकत नाही. तिचे पुढचे व मागचे टोक बर्फ आडवे खरवडत जाते आणि गाडी सरळ रेषेचाच आग्रह धरते. कुळवाच्या पासेचा अडथळा तो हाच. ताठ पट्टी वापरावयाची असल्यास तिचा तळ लांबीत किंचित बहिर्गोल ठेवतात, म्हणजे एका वेळी थोडाच भाग बर्फाला टेकतो.

स्पर्धेतील ल्यूज या गाडीत हेच तत्त्व अधिक सूक्ष्मपणे वापरलेले आहे. स्वार उताणा, पाय पुढे करून झोपतो व गाडीच्या दोन घसरपट्ट्यांच्या पुढे वळलेल्या टोकांवर पोटऱ्यांनी दाब देतो. डावीकडे जाण्यासाठी उजव्या पायाने आत दाबावयाचे व डावा खांदा खाली दाबावयाचा. स्केलेटन या गाडीला तर हलणारा भागच नसतो. खांदे व गुडघे यांच्या दाबाने तिची चौकट किंचित पिळली जाते व तेवढ्याने दिशा बदलते. बॉबस्ले ही मोठी गाडी मात्र पुढे व मागे अशा दोन जोड्यांवर धावते. मागील जोडी स्थिर व पुढील जोडी खिळीभोवती फिरणारी असते. पूर्वी तिला सुकाणू चक्र असे; पुढे त्याऐवजी दोन कड्या व दोऱ्या आल्या. दोरीतून चालकाच्या हाताला बर्फाचा प्रतिसाद सरळ कळतो, हा तिचा गुण आहे. १९२४ मध्ये शामॉनी येथील पहिल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये बॉबस्लेचा समावेश होता. ल्यूज १९६४ मध्ये इन्सब्रुक येथे आली.

अभिकल्प : साध्या वापराच्या गाडीला सुकाणू बसवावयाचे झाल्यास पुढील आडवा दांडा मधोमध खिळीवर फिरता ठेवणे ही सर्वांत सुलभ रचना होय. पुढील व मागील पट्ट्यांच्या मध्यांतील अंतर ८० सेंमी. असल्यास १५ मी. त्रिज्येच्या वळणासाठी पुढील पट्ट्या केवळ ३° फिरवाव्या लागतात. खिळीपासून २५ सेंमी.वर पाय ठेवला, तर तो सु. १३ मिमी. हलला की हे वळण साधते. येथेच या सोप्या रचनेचा दोष आहे. हादऱ्याने पाय सहज एवढा हलतो, स्वार दचकून उलट दिशेला जास्त जोर लावतो आणि गाडी नागमोडी जाऊ लागते. म्हणून पाय किंवा हात यांची हालचाल चार-पाच पटींनी कमी होऊन पट्ट्यांपर्यंत पोहोचेल, अशी तरफ मध्ये घालणे श्रेयस्कर असते.

मोटारगाडीत आतले चाक बाहेरच्या चाकापेक्षा जास्त कोनातून फिरावे लागते. त्यासाठीची रचना म्यूनिकचे गेओर्ग लांकेनस्पेर्गर यांनी शोधली व तिचे एकस्व रूडॉल्फ ॲकरमन यांनी १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये घेतले. घसरगाडीच्या रचनाकारांनाही पुष्कळदा या भूमितीचे आकर्षण वाटते. तथापि वरील मापांच्या गाडीत दोन पट्ट्यांच्या कोनांतील आवश्यक फरक एक-दशांश अंशाहूनही कमी भरतो. साधी समांतरभुज जोडणी पुरते. याउलट सांध्यांतील ढिलाई अत्यंत महत्त्वाची आहे. ५ सेंमी. लांबीच्या भुजेच्या टोकाशी १ मिमी. ढिलाई असेल, तर कोनात १° पेक्षा जास्त अनिश्चितता येते, म्हणजे लागणाऱ्या एकूण कोनाच्या एक-तृतीयांशाहून अधिक. ज्या कारागिराने भूमिती सोडून दिली पण बोल्ट घट्ट, वायसर नीट व भोके मापाची ठेवली, त्याची गाडी चांगली चालते.

पट्टी जेथे बर्फाला टेकते त्या भागाचा मध्य खिळीच्या मागे असावा लागतो. सामान वाहण्याच्या ढकलगाडीची पुढची छोटी चाके आपोआप गतीच्या दिशेला वळतात, ती याच कारणाने. हा मध्य खिळीच्या पुढे गेला, तर पट्टी थोडी वळताच बर्फ तिला आणखी वळवितो आणि सुकाणू हातातून निसटते. अशी गाडी उताराच्या माथ्यावर, मंद वेगात, अगदी शहाण्यासारखी वागते व वेग आल्यावरच दगा देते. म्हणून हा दोष धोकादायक आहे. मागे ठेवण्याचे अंतरही बेताने घ्यावे लागते. ते ४ सेंमी. असेल, तर वर घेतलेल्या वळणात पाय जागेवर राखण्यास सु. ४० न्यूटन जोर लागतो, १५ सेंमी. केल्यास तो १६० न्यूटनच्या घरात जातो व लहान मुलाला पेलत नाही.

मधल्या खिळीवर फिरणाऱ्या दांड्याला आणखी एक मर्यादा आहे. दांडा जसजसा जास्त फिरतो तसतसा गाडीचा आधार पुढील बाजूस अरुंद होतो आणि ज्या क्षणी रुंद आधाराची सर्वाधिक गरज असते, त्याच क्षणी तो कमी पडतो. म्हणून दांड्याच्या दोन्ही बाजूंस अडसर बसवून तो १०-१५° पलीकडे फिरू देत नाहीत. दिशेचा गोंधळही विचारात घ्यावा लागतो. दांड्याचे उजवे टोक पायाने पुढे ढकलले, तर गाडी डावीकडे जाते. तेच टोक दोरीने मागे ओढले, तर उजवीकडे जाते. पाय व दोरी या दोन्ही सोयी एकाच गाडीला ठेवल्यास संकटसमयी स्वाराकडून नेमकी उलटी क्रिया होण्याचा संभव असतो. दोहोंपैकी एकच ठेवावी.

मऊ, ताज्या हिमात अरुंद पोलादी पट्टी खोल रुतते व गाडी चालतच नाही. तेथे रुंद घसरपट्टी घेऊन तिच्या तळाशी मधोमध एक बारीक पोलादी कणा जोडतात. रुंद भाग वजन पेलतो, कणा आडवा विरोध देतो. हिमावर चालणाऱ्या स्वयंचलित गाड्यांच्या पुढील पट्ट्याही अशाच असतात. रोधक (ब्रेक) मात्र नेहमी मागे बसवितात. पुढे बसविल्यास वेग कमी होताना गाडीची शेपटी पुढे येऊ पाहते व ती गिरकी घेते. मागील रोधक तिला दोरीने मागे धरल्याप्रमाणे सरळ ठेवतो.

सुकाणू कितीही चांगले असले, तरी त्याला मार्गाच्या आखणीची जोड लागते. १२ फेब्रुवारी २०१० रोजी कॅनडातील व्हिस्लर येथे ऑलिंपिकपूर्व सरावात जॉर्जियाचा ल्यूजपटू नोदार कुमारीताश्विली शेवटच्या वळणातून बाहेर फेकला गेला व मार्गालगतच्या पोलादी खांबावर आदळून मृत्यू पावला. त्यानंतर स्पर्धेची सुरुवात उतारावर खाली आणून वेग कमी करण्यात आला आणि वळणाबाहेरील भिंत वाढविण्यात आली. गाडीच्या रचनेत कोणतीही सुधारणा न करता धोका कमी करण्याचा हा उपाय हौशी घसरगाडीलाही लागू पडतो. उताराच्या पायथ्याशी मोकळी, सपाट जागा व कडेला झाडे किंवा खांब नसणे या गोष्टी कोणत्याही तरफेपेक्षा मोलाच्या आहेत. डोक्याला शिरस्त्राण असावे हे निराळे सांगावयास नको.

चाकांवरील घसरगाडी : बर्फ नसलेल्या प्रदेशातही या सुकाणूचा अभ्यास करता येतो. हिमाचल प्रदेशातील मनालीजवळच्या वशिष्ठ येथील शिव केशवन यांनी १९९८ (नागानो) ते २०१८ (प्याँगचांग) अशा सलग सहा हिवाळी ऑलिंपिकमध्ये ल्यूज प्रकारात भारताचे प्रतिनिधित्व केले. देशात ल्यूजचा बर्फमार्ग नसल्याने ते चाके लावलेल्या गाडीवर हिमालयातील घाटरस्त्यांवरून सराव करीत.

महाराष्ट्रात मुले पिढ्यान्‌पिढ्या जी बेअरिंगची गाडी बनवीत आली आहेत, ती या घसरगाडीची सख्खी बहीण म्हणता येईल. एक लांब फळी, तिच्या मागील टोकाखाली पक्का ठोकलेला व पुढील टोकाखाली एकाच बोल्टावर फिरणारा असे दोन आडवे दांडे, दांड्यांच्या टोकांना चाकांऐवजी टाकाऊ बॉल बेअरिंगे (गोलक धारवे) आणि पुढील दांड्याला दोरी किंवा पायांचा टेकू, एवढीच तिची सामग्री. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील जळकोटसारख्या, सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील गावात मालमोटारींची जुनी बेअरिंगे मिळणे अवघड नसते. ९० सेंमी. लांबीची अशी गाडी ३ मी. त्रिज्येत वळवावयास पुढील दांडा सु. १७° फिरवावा लागतो आणि तेवढ्यात आधार अरुंद होऊन ती एका बाजूने उचलली जाते, हा अनुभव प्रत्येक मुलाने घेतलेला असतो. त्यावर तो स्वतःच उपाय शोधतो. मागील दांडा लांब करतो, पुढील दांड्याखाली अडविणारे खिळे मारतो, वळणावर आत झुकतो. वर सविस्तर सांगितलेल्या अभिकल्पाचे बहुतेक नियम त्यात येऊन जातात.

तरीही या दोन गाड्यांत एक फरक राहतो आणि चाकांवर घेतलेला अंदाज बर्फावर तसाच नेता येत नाही. चाकाची आडवी पकड रस्ता कोरडा असेतोवर साधारणतः सारखीच राहते. घसरपट्टीची पकड मात्र सकाळच्या कठीण बर्फावर एक, दुपारी वितळू लागलेल्या बर्फावर दुसरी व सायंकाळी पुन्हा गोठलेल्या खडबडीत थरावर तिसरी असते. धार बोथट झाल्यास तीत आणखी घट येते. त्यामुळे गाडी उतारावर नेण्यापूर्वी घसरपट्ट्यांची धार तपासणे, सांधे हाताने हलवून ढिलाई पाहणे आणि पहिली फेरी उताराच्या खालच्या तृतीयांश भागातूनच सुरू करणे, अशी पद्धत अनुभवी स्वार पाळतात.